तोंड मिटून बघायचा खेळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा तुमच्या नाकातून येईल आणि आमच्या मंजिरीच्या नव्या सोफ्यावर सांडेल.

तर आमची ईरा. वय तेरा, जन्म शारजाचा, आणि खेळते काय? बेसबॉल! दुबईतल्या मुलांच्या टीममध्ये एकुलती एक मुलगी, आणि तीसुद्धा पिचर. म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. असा काही चेंडू फेकते की समोरचा पोरगा बॅट फिरवता फिरवता स्वतःच गिरकी घेतो. बाप आहे म्हणून सांगत नाही हं. बरं, बाप आहे म्हणूनच सांगतोय!

पण सीझनभर मी कुणाच्या बाजूने? बॅटिंगच्या! मी पडलो क्रिकेटवाला. ठाण्याला कॉलेजच्या टीममध्ये होतो. बारावा होतो, पण होतो. दर शनिवारी स्टँडमध्ये माझं आणि तारिकभाईंचं वाजायचं. तारिकभाई लाहोरचे. त्यांचा हमझा आमचा कॅचर, म्हणजे ईराचे चेंडू पकडणारा विकेटकीपर.

"भाई, मॅच बॉलिंग जिताती है," तारिकभाई म्हणायचे.

"और रन कौन बनाएगा? अंपायर?" मी.

"आपकी अपनी बेटी पिचर है, यार!"

"बेटी अपनी जगह, उसूल अपनी जगह!"

गाडीत ईरा मागे बसून हे सगळं ऐकायची आणि खिडकीबाहेर बघायची. माझ्या ते लक्षातही यायचं नाही.

आता सीझनची शेवटची मॅच. सहा इनिंगची. पहिल्या इनिंगपासून ईरा पेटलेली. एक गेला, दुसरा गेला, तिसरा तर बॅट तिथेच टाकून रडत गेला. चेंडू बॅटला धड लागेचना! चौथी इनिंग संपली आणि मी सरळ पक्षांतर केलं.

"तारिकभाई, मान गया! बॉलिंग ही सब कुछ है! देखा आपने? अभी तक एक भी..."

तारिकभाईंनी माझा हात दाबला. "भाई, आज शारजा का ट्रॅफिक कैसा था?"

ट्रॅफिक? माझी पोरगी इथे इतिहास घडवतेय आणि या माणसाला ट्रॅफिक सुचतोय? मी पुढच्या रांगेतल्या अमेरिकन बाईंकडे वळलो. त्यांनी घाईघाईने पर्समध्ये डोकं घातलं. मागचे फिलिपिनो गृहस्थ आभाळ बघू लागले. म्हटलं, जळतात!

आणि मग माझी नजर आमच्या टीमच्या बाकाकडे गेली. पाचवी इनिंगही ईराने तशीच काढली होती आणि आता आमची बॅटिंग चालू होती. बाकाच्या या टोकाला ईरा एकटी. सगळी पोरं त्या टोकाला, खेटून. कुणी तिच्याकडे बघत नाही, कुणी पाणी विचारत नाही. एरवी तिच्याशी अखंड बडबडणारा हमझासुद्धा पाठ करून बसलेला!

माझं डोकंच फिरलं. एकटी मुलगी सगळ्यांपेक्षा भारी निघाली म्हणून वाळीत टाकता काय?

"अहो, बसा," मंजिरीने माझा शर्ट धरला. "काहीतरी कारण असेल. आधी विचारा तरी कुणाला!"

विचारतोय कोण? शर्ट सोडवला आणि ताडताड खाली उतरलो. जाळीपाशी कोच उभे. धिप्पाड अमेरिकन माणूस, तोंडात च्युइंगगम. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प करतात? मला? मग माझा आवाज जो चढला, तो पार्किंगपर्यंत गेला असणार.

"फाइव्ह इनिंग्ज!" मी ओरडलो. "फाइव्ह इनिंग्ज, अँड नॉट वन हिट! नोबडी इज एबल टू हिट माय डॉटर! अँड नोबडी इज टॉकिंग टू हर?"

कोचचं चघळणं थांबलं. हमझाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ईराने डोळे मिटले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "प्लीज. गो सिट."

तारिकभाई मला दंडाला धरून वर घेऊन आले.

"ये क्या कर दिया, भाई! पिचर को एक भी हिट न पडी हो ना, तो कोई उस बात का नाम नहीं लेता. उससे बात तक नहीं करते. नजर लग जाती है! सब इज्जत में चुप बैठे थे."

"इज्जत में?"

"और नहीं तो क्या! पूरे ग्राउंड को सुना दिया, और माशाल्ला तक नहीं बोला!"

मी मटकन खाली बसलो. आणि हे कुणाला समजावतायत? मला! क्रिकेटची फायनल चालू असताना सासऱ्यांना एका खुर्चीवरून शेवटपर्यंत उठू न दिलेल्या माणसाला! बिचाऱ्यांचा पाय बधिर झाला, पण उठू दिलं नाही. मंजिरीने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मला सासऱ्यांचा पाय आठवला.

मग मी माशाल्ला म्हणत सुटलो. मध्ये मध्ये गणपतीबाप्पालाही साकडं घालत होतो.

सहावी इनिंग. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा गेला की इनिंग खलास, म्हणजे आता एकच पोरगा! आला तो समोरच्या टीममधला सगळ्यात चिमुरडा, हेल्मेट नाकापर्यंत आलेलं. त्याला चेंडू दिसला असेल असं मला आजही वाटत नाही. त्याने बॅट फिरवली, चेंडू कडेला लागला, मरगळल्यासारखा उडाला आणि आमच्या दोन पोरांच्या मधोमध टप्पकन पडला.

हिट!

चेंडूकडे कुणीही बघत नव्हतं. दोन्ही टीमचे आईबाप माझ्याकडे बघत होते.

पण माझी वाघीण! तिने टोपी नीट केली, दीर्घ श्वास घेतला आणि पुढच्याला तीन चेंडूंत घरी पाठवला. मॅच जिंकलो! पोरांनी तिला उचललं, हमझा सगळ्यांत पुढे. माझा ऊर भरून आला. ओरडावंसं वाटत होतं, पण तारिकभाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मी गुपचूप गाडी चालवत होतो.

"सॉरी, बाळा," शेवटी म्हटलं.

"इट्स ओके. यू वर सो लाउड, बाबा." मग, "बट यू वर काउंटिंग? माय पिचिंग? ऑल सीझन यू ओन्ली टॉक अबाउट हिटिंग."

"प्रत्येक चेंडू बघत होतो गं."

आरशात पाहिलं. खिडकीकडे तोंड करून हसत होती. त्या हसण्यावर माझी अख्खी क्रिकेट कारकीर्द ओवाळून टाकली. तशी ती फार मोठी नव्हती म्हणा.

घरी आल्या आल्या मंजिरीने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि ईराला समोर बसवलं. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, कुणाची दृष्ट लागली असेल तर जळून जावो..." मग माझ्याकडे वळून, आवाज चढवून, "आणि घरच्या माणसाची!"

मिरच्या तव्यावर टाकल्या. जळून कोळसा झाल्या, पण ठसका? कुणाला साधी शिंकही आली नाही. आणि मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट किती जबर, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

"आई गं!" मंजिरी म्हणाली. "अहो, पुढच्या सीझनला तुम्ही गाडीतच बसा. काचा वर करून!"