दारातली खुर्ची

"वेळ दारापासून मोजायची, पलंगापासून नाही!"

पडद्यापलीकडून धाकटीचा आवाज आला तेव्हा मी फरशी पुसत होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पेशंट पलंगावर आला की मग आपली जबाबदारी."

"आणि तोवर बाकावर कण्हतो, ती कोणाची?"

"तुमच्या तक्त्यात दीड-दीड तास दिसतो. वरचे मला धारेवर धरतात."

"मग डॉक्टर वाढवा."

"एक चूक सापडू दे, त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल."

मी बादली उचलून सटकले. खरं सांगते, मनातून बरं वाटलं.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. कॅज्युअल्टीत ती सिस्टर, मी आया. मी तिच्या सहा वर्षं आधी लागले, पण ती आली ती थेट दारातल्या खुर्चीवर बसली. आलेल्याची नाडी बघायची, श्वास बघायची, दोन प्रश्न विचारायची आणि मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता आत, पिवळी म्हणजे अर्ध्या तासात, हिरवी म्हणजे बसा. चिठ्ठीवर आल्याची वेळ ती दारावरच्या घड्याळात बघून लिहायची, तपासल्याची वेळ आत डॉक्टर आपल्या घड्याळाप्रमाणे लिहायचे. मधला वेळ म्हणजे ताटकळणं. तिच्या जिवाला त्याचाच घोर.

एकदा एक दांडगा माणूस अंगावर धावून आला. "आम्ही आधी आलोय!"

"तुम्हाला ओरडता येतंय, म्हणजे श्वास उत्तम चाललाय. बसा, दादा."

सगळे बाक हसले. तोही बसला. मी तसं बोलले असते तर तक्रार झाली असती.

घरीही तेच. सासूबाईंचे गुडघे शेकायची मी, आणि आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आमच्या सिस्टरमुळे चालते हो मी." दीर तर तिच्या पांढऱ्या बुटांनाही पॉलिश करायचा. माझ्या ह्यांना माझ्या चपलेचा रंग विचारा!

तर त्या भांडणानंतर चार दिवसांनी मी स्टुलावर चढून दारावरचं घड्याळ पुसत होते. खाली धाकटी एका म्हातारीला पट्टी बांधत होती आणि म्हातारी तिची अलाबला घेत होती. माझं बोट काट्याकडे गेलं. घड्याळ वीस मिनिटं पुढे सरकवलं आणि खाली उतरले.

दुपारी तक्ता बघून मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "वा सिस्टर! हा पेशंट अकरा वाजता आला आणि मी त्याला पावणेअकरालाच तपासलं. मी ज्योतिषी झालो की!"

सगळे खो खो हसले. धाकटी तक्त्याकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं, पण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या बदलीचा कागद आला. सोमवारपासून वरचा वॉर्ड. मग मात्र माझ्याच्याने राहवेना. डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मावशी. दारात घड्याळ ठेवलं की हे असंच होतं. आता पलंगापासूनच मोजू."

बदलीचा कागद काही त्यांनी मागे घेतला नाही.

धाकटीलाही सांगितलं. ती म्हणाली, "ताई, राग माझ्यावर होता ना, मग मला चार शब्द सुनावायचे. बावीस माणसांच्या वेळा वाया गेल्या."

बघा, धड भांडलीसुद्धा नाही! तिथेही माझ्यापेक्षा मोठी होऊन बसली.

शनिवार तिचा दारातला शेवटचा दिवस. दर अर्ध्या तासाने बाकांवरून फेरी मारायची तिची रीत होती, कारण हिरवी पट्टी बांधलेला माणूस हिरवाच राहील असं नसतं. त्या दिवशीही वेळ झाल्यावर ती उठली. तिसऱ्या बाकावर एक शिंपी पोट धरून बसला होता. तिने त्याचं मनगट धरलं, कपाळाला हात लावला. हिरवी पट्टी कात्रीने कापली, पिवळी बांधली.

"ताई, खुर्ची आणा."

मी चाकाची खुर्ची आणली. तिने चिठ्ठी त्याच्या खिशात खोचली. त्यावर आल्याची वेळ होती, दारापासूनची. आणि ती पुढच्या बाकाकडे वळली.