फोटोत दिसेल तेवढंच

नवऱ्याची नोकरी तलासरीला, म्हणून आम्ही तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. २०१७ साली मी घरबसल्या एक काम धरलं. वेबसाइटवरच्या फोटोंची वर्णनं लिहायची. ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइल ती वाचून दाखवतो. फोटोत दिसेल तेवढंच लिहायचं, तेही दोन ओळींत, एवढाच नियम.

माझी परीक्षक घरातच होती. काचबिंदूने आईची नजर गेली, तेव्हा आम्ही तिला समुद्रकाठच्या वरोर गावाहून इकडे आणलं. घरी कधी सोडतेस, हा तिचा रोजचा प्रश्न. मी दिवाळीनंतर म्हणायची, दिवाळी झाली की होळीनंतर. तिथल्या घराची पुढची भिंत पावसात बसली होती आणि ते तिला सांगायची ना माझी छाती होत होती, ना भावाची.

एकदा वरोरचेच फोटो आले. मी लिहिलं, 'दोरीवर वाळत घातलेले मासे'. मोबाइलने ते वाचलं आणि आई भडकली. पाट्या टाकतेस का, म्हणाली. बोंबलांना काय नाव नाही? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीने टांगलेत की नाही, ते बघ आधी. तिची सगळी उमर त्यात गेली, आणि मी तिची पोर असून नुसतं 'मासे' लिहून मोकळी! लाज वाटली मला. वर्णन सुधारलं. आईने ते तीनदा ऐकलं आणि वास यावा तसा लांब श्वास घेतला. तिला तिथे जायचं होतं आणि खरं सांगते, मलाही जायचं होतं, जीव तुटत होता अगदी.

मग तिने विचारलं, मागे आपलं घर आलंय का. रस्त्यावरून काढलेला फोटो आहे, घर कोपऱ्यात आलंय, मी म्हटलं. कौलं, ओटा, आंब्याची सावली, सगळं मी भराभर सांगितलं, भिंत तेवढी गाळून. तिचा चेहरा असा खुलला की मी भान विसरले.

"चूल दिसते का गं?"

"दिसते ना. तशीच आहे."



"रस्त्यावरून चूल कशी दिसेल?" आई म्हणाली. "भिंत पडली ना?"

मी हो म्हटलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"आता उरलंय काय काय, ते नीट सांग."