काकूंचा खोकला आणि काकांची सीएनजी

काकांनी जीप विकल्याचं फोनवर कळलं आणि त्याच संध्याकाळी मी पुण्याहून ग्वाल्हेरचं तिकीट काढलं. बापूकाका माझे चुलत काका. त्यांची डिझेल जीप वर्षानुवर्षं काळा धूर ओकत होती आणि काकू जवळपास तितकीच वर्षं खोकत होत्या. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, म्हणून काकांनी सीएनजी गाडी घेतली. जिवापाड जपलेली जीप काकांनी विकावी, हे मला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खरं वाटणार नव्हतं.

हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटरबरोबर नाकाला बांधायला रुमालही न्या. स्टेशनजवळच्या पडाव चौकातून काका राहतात त्या कंपू भागापर्यंत शेअर ई-रिक्षा वीस रुपयांत मिळते. तिचा स्वतःचा धूर नसतो, पुढच्या ट्रकचा मात्र फुकट मिळतो.

दुसऱ्या दिवशी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी हाणून किल्ल्याकडे निघालो. गाडी वरपर्यंत जाते, पण काकूंना दर दहा पावलांवर टेकावं लागतं, म्हणून घडीची खुर्ची घेतली. डिकीत गॅसची टाकी, त्यामुळे खुर्ची माझ्या मांडीवर आली.

वाटेत गॅस भरायला थांबलो. नियमाप्रमाणे सगळे खाली उतरलो. वीज गेली होती, पंप डिझेल जनरेटरवर चालला होता आणि काकू त्याच्या धुरात तोंडाला पदर लावून अर्धा तास उभ्या होत्या.

"बस, दोन मिनिट अजून," काका म्हणाले. "साफ हवेसाठी इतकं तर करावंच लागतं!"

मला राग आला आणि हसूही आलं.

किल्ल्यावरून खाली बघितलं तर नुसतं राखाडी. कंपू कुठे, पडाव कुठे, काही कळेना.

"मागच्या साली इतकंही दिसत नव्हतं," काका ठासून म्हणाले आणि तिकिटं काढायला गेले.

खुर्चीत बसलेल्या काकूंनी माझा हात धरला. "खाँसी तितकीच आहे गं. पण ह्यांना नको बोलूस. जीपवर किती जीव होता ह्यांचा! मी म्हणते, आराम आहे."

निघताना काका मला स्टेशनवर सोडायला आले. फलाटावर हळूच म्हणाले, "तुझी काकू झूठ बोलते. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून खाँसते. मी पण म्हणतो, आराम दिसतोय. तिला सांगू नकोस."

पुण्यात घराखाली माझी डिझेल गाडी उभी होती. ती विकायला काढली आहे. एका गाडीने शहराची हवा बदलत नाही, हे ग्वाल्हेरला बघून आले तरीही.

माझं नवं लिखाण काका-काकू सगळ्यांत आधी वाचतात. या वेळी त्यांना लिंक पाठवलेली नाही.