मजकूर तोच

माझे काका एकोणतीस वर्षं सरकारी कचेरीत टपाल नोंदवत होते. दयेच्या अर्जांची शाखा. फाशीची शिक्षा झालेल्यासाठी कुणी पत्र पाठवलं की ते आधी काकांच्या टेबलावर यायचं. शिक्का, क्रमांक, नोंदवहीत एक ओळ, मग आत. ऑफिसात त्यांना ‘शिक्केकाका’ म्हणत. घरीही सुटका नव्हती. काकू भाजी घेऊन आली की हे दारातच विचारायचे, “काय काय आलं?” काकू म्हणायची, “शिक्का मारा आणि आत घ्या.”

त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एक पद्धत काढली होती. एकाच मजकुराची कितीही पत्रं आली तरी नोंद एकच. बाकीची सुतळीने बांधून तळघरात. साहेबांनी पाठ थोपटली, आणि ती थाप काका वर्षभर सगळ्यांना ऐकवत राहिले. मला विचाराल तर तिथेच घात झाला. काम वाचवणारी युक्ती माणसाला फार लवकर शहाणपणाची वाटते.

मग एका शिंप्याचं प्रकरण आलं. भांडणात त्याने दुकानमालकाला कात्रीने मारलं होतं, आणि ते त्याने कधी नाकारलं नाही. फाशी मुळातच नको म्हणणाऱ्या सतरा देशांतल्या संघटनांनी मिळून त्याच्यासाठी कार्डं छापली. तीही आपल्या भाषेत, इथल्या साहेबांना वाचता यावीत म्हणून. ‘याने केलं ते वाईटच. तरी याला मारू नका. मी याला ओळखत नाही. तो जगावा असं मला वाटतं.’ खाली सही, नाव, गाव. सात पोती भरून कार्डं. काकांनी एक वाचलं, दहा-बारा चाळली. मजकूर तोच. वहीत लिहिलं, ‘परदेशातून पत्र: एक.’

दयेच्या अर्जांचा निकाल लावणाऱ्या समितीपुढे तोच आकडा गेला. “बाहेर कुणाला फारसं पडलेलं दिसत नाही,” असं एक सदस्य म्हणाले आणि अर्ज फेटाळला गेला. एका गुरुवारी सकाळी शिंप्याला फाशी दिली. काका त्या दिवशीही डबा घेऊन वेळेवर ऑफिसला गेले.

पुढच्या वर्षी पाय मोडून ते दोन महिने घरी होते. तेव्हा अशीच कार्डं आली, दुसऱ्या एका कैद्यासाठी. बदली कारकुनाला काकांची युक्ती माहीत नव्हती. तो बिचारा मान मोडेपर्यंत एकेक नोंदवत बसला. समितीने आकडा पाहिला आणि फाशीची जन्मठेप केली. काकांना हे ऑफिसात परतल्यावर कळलं. त्या दिवसापासून त्यांनी दारात ‘काय काय आलं’ विचारणं बंद केलं. काकूला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली.

काही वर्षांनी आपल्याही देशाने फाशी रद्द करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. फाशी कायमची गेली. जुनी प्रकरणं नातेवाइकांना बघायला खुली झाली, आणि शिंप्याची बहीण काकांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. तिने नोंदवहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“एकानं लिहिलं होतं तर! कुणी हो? पत्ता मिळेल? मला दोन ओळी लिहायच्यात त्यांना.”

“शोधावं लागेल,” काका म्हणाले. बाई आभार मानून गेल्या. ते आभार काकांना फार लागले. घरी येऊन मला सगळं सांगितलं, आणि विचारलं, “आता काय करू गं?” मी फटकळ. म्हटलं, “जाऊन खरं सांगा. अजून किती दाबून ठेवणार?”

रविवारी आम्ही रिक्षात तळघरातलं एक पोतं घालून तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीशी भावाचं मशीन, त्यावर चादर. काका बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “ताई, पत्र एक नव्हतं. अकरा हजारांवर होती. मी एक लिहिलं. माझी चूक.”

मला वाटलं आता ही हाकलून देणार. दिलं असतं तर बरं झालं असतं, काकांची तीच इच्छा होती. तिने पोत्याची सुतळी सोडली.

“वाचली का कुणी?”

“नाही.”

“मग वाचा.”

त्यानंतर दर रविवारी काका तिथे जायचे. तिची नजर अधू, कार्डांवरचं बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून वाचायचं यांनी. एकदा थकून त्यांनी नुसतंच नाव-गाव वाचलं आणि म्हणाले, “पुढचं माहीतच आहे, मजकूर तोच.” तिने कार्ड परत त्यांच्या हातात ठेवलं. “त्या माणसानं चारही ओळींखाली सही केलीय, काका. पूर्ण वाचा.” काकांनी पूर्ण वाचलं. मग पुढचं कार्डही पूर्ण वाचलं.

काका गेले तेव्हा तिसरं पोतं निम्मं झालं होतं. रविवारी आता मी जाते.