बिनमिठाच्या वाडग्यातलं पाणी

विनिपेगच्या हिवाळ्यात माणसं घरात बसून राहतात म्हणे. मी बसलो नाही. त्या वर्षी स्वयंपाकघर ते बेसमेंट मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की त्याच सरळ रेषेत घातल्या असत्या तर नागपूर आलं असतं आणि आईनं दार उघडून विचारलं असतं, आता मधेच कसा काय उगवलास?

कारण व्हिडिओ: चित्रीकरण स्वयंपाकघरात, कॉम्प्युटर बेसमेंटमध्ये. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला मी बायॉलॉजी शिकवायचो, तेही टर्मपुरत्या नेमणुकीवर. विभागप्रमुख बाईंनी फर्मान काढलं, की लेक्चरचे व्हिडिओ करा, मुलं घरी बघून येतील, वर्गात फक्त चर्चा. एका वर्गाला त्या स्वतः मागे बसणार होत्या. चर्चा रंगली तर पुढच्या वर्षी मी, नाहीतर दुसरं कुणीतरी.

माझी पंचाईत अशी, की मी चेहरे बघून शिकवणारा माणूस. कुणाची भुवई हलली की मी उदाहरण बदलतो. कॅमेऱ्याला भुवयाच नाहीत. पहिल्या व्हिडिओत मी इतका हललो, की निम्मा वेळ पडद्यावर एकटा फ्रिजच शिकवत होता.

बाई येणार त्या वर्गाचा विषय निघाला ऑस्मॉसिस. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी खारट बाजूला ओढलं जातं, ते. मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर आपल्या कोशिंबिरीत रोज घडतं! काकडी चोचवली, दोन वाडग्यांत घातली. एकात मीठ, दुसरा तुलनेसाठी तसाच. कॅमेरा लावला. मिठाच्या वाडग्यात पाण्याचं तळं झालं, बिनमिठाचा वाडगा कोरडाच राहिला. मी असा काही गरजलो, की शेजाऱ्याच्या छपरावरचा बर्फ घसरला. शेजारी फावड्यानं तो उपसताना आमच्याच घराकडे बघत होता.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून बायको म्हणाली, "अहो, फोडणी तापलीये. घ्या पटकन, जळेल."

उभ्या महाराष्ट्रात मला असा माणूस दाखवा, जो हातात तापलेली फोडणी आल्यावर समोरच्या काकडीवर ओतणार नाही. मी बिनमिठाच्या वाडग्यावर अख्खी कढली उपडी केली. चर्रर्र! कालवली, चाखली, मान डोलावली. कॅमेरा चालूच. तो व्हिडिओ मी घाईघाईत तसाच अपलोड केला.

वर्गाच्या दिवशी बाई मागच्या रांगेत बसलेल्या. मी खडू उचलतोय, ठेवतोय, घड्याळ बघतोय. व्हिडिओ पाहिला का, असं विचारलं, तर सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले. माझी पुढच्या वर्षाची नोकरी मला खिडकीबाहेरच्या बर्फातून चालत जाताना दिसू लागली.

मग टर्मभर तोंड न उघडलेल्या एका मुलीनं हात वर केला.

"प्रोफेसर, शेवटी तुमच्या बिनमिठाच्या वाडग्यातही पाणी सुटलेलं दिसतं. मग मिठानं पाणी ओढलं, हे कशावरून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मागून बाईंनी तळवा वर केला: थांबा. मला थांबायला सांगणं म्हणजे वाहत्या नळाला समजावण्यासारखं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आणि जीभ दातांत धरली.

एक जण म्हणाला, मोहरीत मीठ असेल. त्याला सगळे हसले. दुसऱ्यानं फोनवर व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पुढे आणला आणि म्हणाला, तेल पडेपर्यंत वाडगा कोरडा आहे, बघा. चार डोकी त्या फोनवर वाकली. माझा पाय टेबलाखाली तबला वाजवत होता.

शेवटी त्या मुलीनंच स्वतःला उत्तर दिलं. "म्हणजे तेलानं पडदाच भाजला. फाटक्या पिशवीतून पाणी गळलं, तर ते ऑस्मॉसिस नाही. पडदा जिवंत हवा."

हे वाक्य मी व्हिडिओत तीनदा म्हटलं होतं. कुणाच्याही वहीत ते उतरलं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर बाई जवळ आल्या. "ते तेल मुद्दाम ओतलंत?"

मी मान अशी हलवली, की तिचा अर्थ त्यांचा त्यांनी लावावा. त्यांनी तो माझ्या बाजूनं लावला. पुढचं वर्षही तुमचंच, म्हणाल्या, फक्त प्रत्येक व्हिडिओत अशी एक चूक पेरत चला.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, नोकरी राहिली, पण आता दर आठवड्याला नवी चूक कुठून आणू?

ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखं शिकवा. ते आपोआप होईल."