शनिवारची नोटीस, मंगळवारची जाहिरात

दोनओळीबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं त्या एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसल्या. समोरच्याने कितीही पाल्हाळ लावलं तरी त्याचं दुःख, त्याच्या मुलीचं स्थळ किंवा त्याची विकायची सायकल त्या दोन ओळींत बसवून देत, म्हणून हे नाव पडलं. एकदा एक गृहस्थ वडिलांच्या निधनाची जाहिरात चार पानं लिहून घेऊन आले. बाईंनी चारही पानं वाचली, चष्मा पुसला आणि सांगितलं की यातल्या दोन ओळी तुमच्या वडिलांबद्दल आहेत, बाकीचं सगळं तुमच्याबद्दल आहे. गृहस्थ आधी भडकले, मग रडले, आणि शेवटी दोन ओळींचे पैसे भरून निमूट गेले.

खिडकी हातभर रुंदीची होती. फळी कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली. फॉर्मवर चौकटी, एका चौकटीत एक शब्द. जाहिरात लिहून झाली की ती गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, हा बाईंचा स्वतःचा शिरस्ता. ‘हरवले-सापडले’चा नियम मात्र थोरल्या मालकांनी घालून दिलेला. एका घरातून विसराळू आजोबा बाहेर पडले होते, आणि त्यांची जाहिरात रजेवर गेलेल्या मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी दोन दिवस पडून राहिली. आजोबा सापडले, पण नको त्या अवस्थेत. त्या दिवसापासून ‘हरवले-सापडले’च्या दोन ओळी, म्हणजे पंधरा शब्द, फुकट झाल्या आणि त्यासाठी वर कुणाला विचारायचं नाही असं ठरलं. थोरले मालक गेले, पण नियम मोडायचं कुणाला सुचलं नाही. फुकटच्या गोष्टीकडे मॅनेजर लोक बघत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

या खिडकीत बाई आणखी एक गोष्ट शिकल्या होत्या आणि तिचा त्यांना बरीच वर्षं काही त्रास झाला नव्हता. नोटिसा दोन जातीच्या असतात. एक लोकांनी वाचावी म्हणून दिलेली, आणि दुसरी ‘छापली होती’ असं पुढे सांगता यावं म्हणून दिलेली. दुसऱ्या जातीची नोटीस घेऊन वकिलांचे कारकून येत आणि गोड हसून म्हणत, ‘बाई, शनिवारी. शेवटच्या कॉलमात. तळाशी.’ शनिवारी माणसं घाईत असतात आणि तळाचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. बाईंनी अशा किती नोटिसा तळाशी ढकलल्या असतील याची गणती नाही. गिऱ्हाईक सांगेल ती जागा द्यायची, आपल्याला काय करायचंय, हा त्यांचा हिशेब होता.

मग धाकट्या मालकांना टीव्ही चॅनेल काढायची हौस आली. पेपर बरा चालला होता, पण पेपरात चेहरा दिसत नाही आणि धाकट्या मालकांना स्वतःचा चेहरा फार आवडायचा. ऋण काढून सण म्हणतात तो प्रकार. काचेची इमारत उभी राहिली, फिरत्या खुर्च्या आल्या, एका बँकेचं कर्ज फेडायला दुसऱ्या बँकेचं आलं. तेही पुरेना तेव्हा कंपनीने लोकांसाठी शेअर काढले आणि त्या अर्जांचा गठ्ठा बाईंच्या फळीवर येऊन बसला.

बाईंनी स्वतः घेतले. आपल्याच पेपरात पहिल्या पानावर छापून आलंय म्हटल्यावर खोटं कसं असेल? जन्मभर दुसऱ्यांच्या जाहिराती कापणाऱ्या बाई मालकाच्या जाहिरातीला भुलल्या, आणि हे फक्त पेपरातल्या माणसालाच जमतं. खिडकीशी येणाऱ्यांनाही त्यांनी सांगितलं. घड्याळं दुरुस्त करणारे घेऊन गेले, निवृत्त मास्तर घेऊन गेले, दवाखान्यातली आया घेऊन गेली. ज्यांना अर्ज भरता येत नव्हता त्यांचे बाईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात भरून दिले आणि खाली ‘भरून देणार’ म्हणून सही केली. आणि नणंदेचाही भरला.

नणंद म्हणजे त्यांच्या यजमानांची धाकटी बहीण, बायकांचे कपडे शिवणारी. एकटी, कष्टाळू आणि जिभेला कात्रीहून जास्त धार. भाड्याच्या गाळ्यात बावीस वर्षं मशीन चालवून तिने तो गाळा विकत घेण्यापुरतं साठवत आणलं होतं. वहिनी म्हणाली की दोन वर्षांत वाढतील, म्हणून तिने सगळे शेअरमध्ये घातले.

वाढले कसले. चॅनेल एका दुपारी बातम्यांच्या मध्येच बंद पडलं, निवेदिकेचं तोंड उघडं राहिलं तसंच. पेपर कसाबसा निघत राहिला, पण शेअरच्या कागदाला रद्दीइतकीही किंमत उरली नाही. रद्दी निदान वजनावर जाते. बाई त्याआधी वर्षभर निवृत्त झाल्या होत्या. नणंद घरी आली, उभ्यानेच बोलली आणि गेली. ‘वहिनी, तुझं अक्षर इतकं चांगलं आहे ना, म्हणून मी वाचलंच नाही.’ एवढंच म्हणाली. त्यानंतर अकरा महिने ती त्या घराची पायरी चढली नाही. यजमान दर रविवारी बहिणीकडे जाऊन येत आणि दोन्हीकडे एकच वाक्य बोलत, की तिची तब्येत बरी आहे. बाईंना ते वाक्य ऐकून दर वेळी संताप यायचा. शिव्या दिल्या असत्या तर त्या ऐकून घेतल्या असत्या, उलटून दोन दिल्याही असत्या. या गप्प बसण्याला काय उत्तर द्यायचं?

निवृत्त झाल्या तरी सकाळी पेपर उघडला की बाई आधी छोट्या जाहिराती वाचत. त्या शनिवारीही वाचल्या. शेवटचा कॉलम, तळाशी, मुंगीच्या अक्षरात एक नोटीस होती. कंपनी निकाली काढायला कोर्टाने नेमलेले अधिकारी येत्या गुरुवारी दहा वाजता जुन्या छापखान्यात सुनावणी घेणार. कंपनी नवीन मालकाला जाणार, त्याने दिलेला पैसा बँकांना जाणार, लहान भागधारकांचे शेअर रद्द होणार, मोबदला शून्य. कुणाची हरकत असल्यास लेखी घेऊन जातीने हजर राहावे. कुणी न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.

बाईंनी ती दोनदा वाचली. चहा निवला. आयुष्यभर आपण जी युक्ती दुसऱ्यांवर चालवू दिली ती आज आपल्या दारात आली, हे त्यांना कळलं, आणि आधी लाज वाटली. मग राग आला, आणि राग लाजेपेक्षा कामाचा निघाला. गुरुवारी छापखान्यात कुणीच गेलं नाही तर सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती मंडळी हात झटकणार. शेकडो घरांच्या तोंडाला पानं पुसली जाणार, आणि वर कागदोपत्री त्या घरांची संमती.

यजमान म्हणाले की आता गेलेले परत येणार आहेत का, उगाच डोक्याला ताप. बाई म्हणाल्या, ‘गेले ते गेले. पण मी हो म्हटलेलं नाही. ते कुणी माझ्या नावावर लिहायचं नाही.’

प्रश्न होता लोकांना कळवायचं कसं. पत्ते कुणाचे नव्हते. कंपनीविरुद्धची जाहिरात पैसे मोजूनही कुणी घेतली नसती. सोमवारी सकाळी बाई आपल्याच जुन्या खिडकीपुढे उभ्या राहिल्या, जन्मात पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूने. आत त्यांचे जुने सहकारी चष्मेवाले होते, दोन वर्षांनी निवृत्त होणारे, सावलीलाही वाट देणारे गृहस्थ. बाईंनी ‘हरवले-सापडले’चा फॉर्म मागितला आणि फळीवरच भरला.

चष्मेवाल्यांनी वाचला आणि त्यांना घाम फुटला. ते हळूच म्हणाले, ‘ताई, हे वर दाखवावं लागेल. माझी नोकरी जाईल हो.’

‘कंपनीच जातेय, नोकरी कुठे ठेवणार तुम्ही? आणि हरवले-सापडले वर दाखवत नाहीत. नियम आहे.’

‘पण हे काही हरवलेलं नाही.’

‘तुमच्याकडे आहे का?’

चष्मेवाल्यांकडेही नव्हतं. बोनसऐवजी मिळालेले त्यांचे शेअरही त्याच वाटेने गेले होते. मागे एक माणूस हरवलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन उभा होता, तो खाकरला. मग चष्मेवाल्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मॅनेजरच्या बंद दाराकडे पाहिलं आणि शिरस्त्याप्रमाणे जाहिरात वाचून दाखवायला घेतली. पहिले चार शब्द पुटपुटले. पाचव्या शब्दापासून आवाज चढला.

‘हरवले: कंपनीचे शेअर, शेकडो घरांतून. ज्यांचे गेले त्यांनी गुरुवारी दहाला लेखी हरकत घेऊन छापखान्यात यावे.’

पंधरा शब्द, एकही जास्त नाही. कुत्रेवाला म्हणाला की आमच्या सासूबाईंचेपण आहेत. बाईंनी सही केली.

मंगळवारी जाहिरात आली, हरवलेल्या छत्रीच्या आणि त्या कुत्र्याच्या मधोमध. बुधवारी पुन्हा आली. मॅनेजर लोकांनी ती पाहिली नाही, कारण स्वतःच्या पेपरातलं फुकटचं पान ते कधी वाचत नसत.

गुरुवारी बाई साडेनऊला छापखान्याच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा तिथे सातजण होते. सातजणांना ही मंडळी एका फुंकरीत उडवणार. पण पावणेदहाला रस्त्याच्या वळणावर माणसं दिसायला लागली. घड्याळवाले आले, मास्तर काठी टेकत आले, आया ड्यूटीच्या कपड्यांतच आली. बाईंच्या ओळखीचे थोडे, अनोळखी बरेच. सगळ्यांच्या हातात वहीचे, कॅलेंडरच्या पाठीचे, मिळेल ते कागद. दहा वाजता आत बसायला वीस खुर्च्या आणि उभी राहिलेली दोनशेवर माणसं. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, गळ्यात अजून मोजायची फीत घातलेली नणंद होती. तिने बाईंकडे पाहिलं नाही.

यंत्रं विकून टाकलेली होती. जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग आणि हवेत शाईचा वास तेवढा राहिला होता. मधे टेबल, त्यामागे अधिकारी, शेजारी कंपनीचे वकील. अधिकाऱ्यांनी गर्दी पाहून पहिल्यांदा खिडक्या उघडायला सांगितल्या आणि मग आणखी कोरे कागद मागवले. माणूस वाईट नव्हता, फक्त दुपारच्या जेवणाला घरी पोचण्याच्या बेताने आलेला होता.

वकील मात्र तयारीने आले होते. त्यांनी जुन्या अर्जांची फाइल उघडली आणि एकेक अर्ज वर धरून दाखवायला लागले. कंपनीने कुणालाही गळ घातली नव्हती, ते म्हणाले. हे अर्ज बघा, एकाच हाताने भरलेले. खाली सही एकाच बाईंची. आणि या बाई आज इथे पुढारी म्हणून उभ्या आहेत, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. तुम्हाला कुणी फसवलं असेल तर यांनी.

दोनशे माणसं बाईंकडे बघत होती. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं होतं ते. त्यांना खोटं बोलता आलं असतं, रडताही आलं असतं.

‘अक्षर माझंच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी सांगितलं म्हणून यांनी घेतले. माझी चूक मी लिहून, सही करून आणलीय. माझ्या हरकतीचा पहिला कागद तोच आहे. कंपनीने स्वतःची लिहून आणलीय का?’

वकील त्या प्रश्नाकडे वळलेच नाहीत. त्यांना हवं ते मिळालं होतं. त्यांनी फाइलमधून एक अर्ज काढला, त्यावरचं नाव पुकारलं आणि मागच्या रांगेत हात वर करणाऱ्या नणंदेकडे वळले. बाईंचं आणि तुमचं आडनाव एकच दिसतं, ते मऊ आवाजात म्हणाले. घरातल्याच माणसाने घात केला. त्या स्वतः कबूल करतायत. मग तुमची तक्रार कंपनीविरुद्ध कशी?

नणंद भिंत सोडून पुढे आली. माणसांनी वाट दिली. ती टेबलाशी येईपर्यंत बाईंनी मनातल्या मनात सगळं ऐकून घेतलं, जे अकरा महिने ऐकायचं राहिलं होतं.

‘वहिनीशी माझं भांडण आहे,’ नणंद म्हणाली. ‘ते घरातलं आहे, ते मी घरी करीन. तुमचं तिथे काही काम नाही. इथे मी तुमच्यासाठी मशीन बंद ठेवून आलेय. ही माझी हरकत. घ्या, आणि काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा.’

अधिकाऱ्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग मागच्याने तसंच मागितलं, आणि त्याच्या मागच्यानेही. दोनशे चौदा हरकती लिहून आणि वाचून होईपर्यंत दिवे लावायची वेळ झाली. अधिकाऱ्यांचं जेवण राहिलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की हरकती नोंदल्या गेल्या आहेत, प्रस्ताव आहे तसा मंजूर करता येणार नाही, सगळं कोर्टापुढे जाईल. पैसे मिळतील असं ते म्हणाले नाहीत. कुणी विचारलंही नाही, कारण आज विचारायला आलेली गोष्ट वेगळी होती.

बाहेर फाटकापाशी नणंद थांबली होती. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘चल घरी,’ नणंद म्हणाली.

‘तुझ्या की माझ्या?’

‘तुझ्या. दादालापण ऐकू दे. मला खूप बोलायचंय, आणि मधे तोंड घालायचं नाही.’

‘घालणार,’ बाई म्हणाल्या, आणि तिच्याआधी झपाझप चालायला लागल्या.