सुभेदारांचा नेम

आमचे लालासाहेबदादा फौजेतून सुभेदार होऊन परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण घरात चहाला उशीर झाला तर त्यांच्या मिशा अजून सावधान होतात. ऊस, म्हशी आणि स्वतःची नजर, या तीनच गोष्टींचा त्यांना अभिमान. मी त्यांचा चुलतभाऊ, कराडजवळच्या आमच्या गावात शेजारीच राहतो. त्यामुळे तिन्हींचं कौतुक मला रोज ऐकावं लागतं.

यंदा दादांना साखर निघाली. आरोग्य केंद्रातल्या पूजा सिस्टरनी साखरवाल्या सगळ्यांना डोळे तपासायला बोलावलं. यंत्रावर हनुवटी टेकायची, डोळ्याच्या आतला फोटो निघतो आणि तो बघून संगणकच सांगतो, पडदा बरा आहे की बिघडलाय. दादा बाहेर आले ते तणतणतच.

"मशीन म्हणतंय पडदा बिघडलाय, सांगलीला मोठ्या डॉक्टरला दाखवा. आरं, फोटो काढनार मशीन, निकाल देनार मशीन, मग डॉक्टर कशाला हाय? आनि साखर रगतात, ती डोळ्यात कशी गेली?"

मला तरी कुठं कळत होतं? मागून सिस्टर ओरडत होत्या, "डावा, दादा, डावा डोळा!" पण फौजीच्या नजरेवर शंका घेतलेली, त्यापुढं दादांना काही ऐकू येईना.

संध्याकाळी पारावर परीक्षाच झाली. दादांनी नसलेली बंदूक खांद्याला लावली, नेम धरला आणि लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचली. "विटा!" गाडी जवळ आली, तर खरंच विट्याची. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मशीनच आंधळं, असा गावाचा निकाल लागला. माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागला. एवढं लांबचं वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात यंत्राला दिसलं तरी काय? यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात, आणि दादाही खोटं बोलत नव्हते.

अंजनावहिनींना चैन नव्हतं. "दाखवून तर येऊ," म्हणून त्या रोज मागं लागायच्या. परवा सकाळी अंगणात पुन्हा तोच विषय निघाला, दादांनी पुन्हा हवेत बंदूक उचलली आणि वहिनींचा तोल गेला.

"आवं, दर वक्ताला डावाच डोळा का मिटताय? सिस्टर तर डावाच म्हनत हुत्या न्हवं?"

"नेम धरताना डावाच मिटत्यात."

"आता कुनाला गोळी घालायची हाय? उजवा मिटा बगू."

मी तर कपाळाला हात लावला. पारावर इतकी डोकी होती, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

दादांनी हसत उजवा डोळा मिटला आणि वहिनींच्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिले. मग एकदम चिडून म्हणाले, "अगं, कपाळ मोकळं का ठेवलंयस? कुकू का लावलं न्हाईस?"

वहिनींनी घाबरून कपाळाला बोट लावलं. बोट लालभडक झालं. "हाय की वो," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

दादांनी उजवा डोळा उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सांगलीची गाडी कवा हाय रं?" त्यांनी मला विचारलं.